फड मोडू देऊ नका

पाणी कमी पडलं की आधी कुणाचं तोडायचं? हवामानबदल आणि शेती यावर कितीही परिसंवाद होवोत, कितीही आराखडे निघोत, खेड्यात शेवटी हाच प्रश्न उरतो. आणि आपल्याकडे त्याचं उत्तर न बोलता ठरलेलं असतं. ज्याची बोअर उथळ, त्याचं आधी तुटतं. मग ज्याचं शेत पाटाच्या शेपटाला, त्याचं. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचा पाण्याशी काही संबंध आहे हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

याच महाराष्ट्रात या प्रश्नाचं वेगळं उत्तर तीन-चारशे वर्षं दिलं गेलं. धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या काठी, नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरमच्या काठी. तिथल्या सिंचनाच्या रीतीला फड पद्धत म्हणतात. ती अजून पुरती मेलेली नाही. काही बंधाऱ्यांवरून आजही पाणी वळतं, काही गावांत पाटकरी आजही खांद्यावर फावडं टाकून पाटावर फिरतो. पण दर दुष्काळात तिचा एखादा तुकडा गळून पडतो आहे आणि आपण, म्हणजे तिथले शेतकरी, पाटबंधारे खातं, शेतीवर लिहिणारे-बोलणारे, सगळेच ते बघत बसलो आहोत. फड वाचवा, एवढं सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. तो पुण्या-मुंबईत वाचला गेला तर चांगलंच, पण खरा रोख साक्री, बागलाण आणि मालेगावकडे आहे.

आधी ही रीत नीट बघू, कारण तिचं कौतुक करणाऱ्यांपैकीही अनेकांनी ती नुसती ऐकलेली असते.

नदीपात्रात आडवा दगडी बंधारा घालायचा. धरणासारखं पाणी कोंडायचं नाही, फक्त त्याची पातळी वर उचलून एका काठाच्या पाटात वळवायचं. हा पाट दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब असतो आणि पाणी त्यातून आपल्या उतारानं चालतं. ना मोटार, ना वीजबिल. पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून सारंग निघून शेताशेतात जातात आणि जादा झालेलं पाणी सांडव्यांतून परत नदीला मिळतं. म्हणजे एका गावानं सोडलेलं पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्याला पुन्हा मिळतं. बंधाऱ्याखाली येणारी बागायत जमीन साधारण चार फडांत विभागलेली असते. एक फड सरासरी शंभर-सव्वाशे हेक्टरांचा, काही याहून पुष्कळ लहान, काही मोठे. एका फडात त्या हंगामात एकच पीक. यंदा उसाचा फड असेल तिथे पुढे गहू-हरभरा, पलीकडे एखादा फड मोकळा, विश्रांतीला. कोणत्या फडात काय घ्यायचं आणि कोणता सोडून द्यायचा हे गावाचे पंच हंगामाआधी ठरवतात.

एका फडात एकच पीक, ही बाहेरच्या माणसाला जबरदस्ती वाटते. पण सगळ्यांचं पीक एक असलं की सगळ्यांच्या पाण्याच्या तारखाही एकच येतात. पाणी एका सलग तुकड्यात जातं, दहा ठिकाणी वाटेत मुरत नाही. शेजाऱ्याचा ऊस पाणी पितोय म्हणून खालच्याचा हरभरा सडला, असंही होत नाही. आणि फड फिरता राहिल्यानं जमीन ना चिबड होते, ना क्षारपड. पश्चिम महाराष्ट्रात नदीकाठची किती जमीन बारमाही पाण्यानं मिठागरासारखी पांढरी पडली, ते आठवा म्हणजे या शिस्तीची किंमत कळेल.

आता मुख्य गोष्ट. या पद्धतीत शेतकऱ्यानं स्वतःच्या शेताला स्वतः पाणी घ्यायचं नाही. पाणी देणार पाटकरी. सारंगाच्या तोंडावरचा मातीचा बांध तो फावड्याच्या दोन-तीन घावांत फोडतो आणि पाणी वाफ्यात वळवतो. शेवटच्या सरीला ओल भिडली की तीच माती ओढून तोंड बुजवतो आणि पुढच्या शेताकडे सरकतो. मालक शेतात उभा असो, तालुक्याला गेलेला असो, पाळी बदलत नाही. सरपंचाचं शेत आणि शेजारच्या विधवेचं शेत यात पाटकऱ्यानं फरक करायचा नाही आणि केलाच तर वर हवालदार असतो, त्याच्या वर पंच. उभ्या पिकाची राखण करायला जागल्या. या सगळ्यांना खळ्यावर धान्य मिळायचं. पाटाचा गाळ काढायचं, फुटलेला काठ बांधायचं काम ज्याची जितकी जमीन त्यानं तितकं अंगावर घ्यायचं.

शेतीतल्या बायकांबद्दल आपण भाषणं पुष्कळ करतो. प्रत्यक्षात रात्रीची लाईट आली की हातात बॅटरी घेऊन, साप-विंचू आणि बिबट्याच्या धाकात मोटार सुरू करायला जाणं, हा एकट्या बाईच्या शेतीतला सगळ्यात मोठा अडसर असतो. फड पद्धतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. पाण्यासाठी भांडायला, दम द्यायला, रात्र जागायला घरात बाप्या माणूस असलाच पाहिजे, अशी अट तिथे नाही. असा विचार करून कुणी ती रचली असेल असं मला वाटत नाही, पण परिणाम तोच झाला.

दुष्काळी वर्षी तर या पद्धतीचं खरं शहाणपण दिसतं. नदीला पाणी चांगलं असलं तर चारही फड भिजायचे. कमी असलं तर दोन. फारच कमी असलं तर एकच, आणि तो मात्र नीट, पीक हाती येईपर्यंत. थोडं थोडं पाणी सगळीकडे शिंपडून सगळंच करपवायचं नाही. मूळ रचनेत बहुतेक घरांची जमीन एकाहून जास्त फडांत विखुरलेली होती, त्यामुळे एक फड भिजला तरी त्यात बहुतेकांचा काही ना काही वाटा असायचा. तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. आज ज्याला दीर्घकालीन हवामान-अनुकूलन म्हणतात, त्यात याहून वेगळं काय असतं ते मला कुणी समजावून सांगावं.

आणि हे आता का सांगतो आहे? ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच ऑक्टोबरात राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत धुळ्यातला शिंदखेडा होता, नाशिकमधला मालेगाव होता. नोव्हेंबर सरता सरता नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेच्या पुरानं धुळे शहराच्या काठाला धडकी भरवली होती. कधी अतोनात, कधी अजिबात नाही, असा पाऊस आता अपवाद राहिलेला नाही. अशा वेळी तुटीचं वाटप करण्याची रीत ज्या गावांकडे आधीच आहे, त्या गावांनी ती मोडीत काढणं याला काय म्हणावं!

सरकार आणि बाजार आपल्याला अनुकूलन म्हणून काय देतात ते बघा. शेततळं, ठिबक, विंधनविहीर, सौरपंप, प्लॅस्टिकचं अस्तर. या सगळ्यांत काही ना काही चांगलं आहे, आणि ठिबकला नावं ठेवणारा मी नव्हे. पण ही प्रत्येक वस्तू एकेका शेतकऱ्याच्या बांधाच्या आत बसते. ज्याच्याकडे जमीन आहे, अनुदान हातात पडेपर्यंत आधी घालायला पैसे आहेत, कार्यालयात खेटे घालायला वेळ आहे, त्याला ती मिळते. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं. प्रत्यक्षात डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात प्लॅस्टिक अंथरलेली मोठमोठी तळी विहिरी-बोअरमधून उपसून भरली जातात. सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या नावावर उन्हात उघडं ठेवायचं, निम्मं उडून गेलं तरी चालेल. शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी आटते. कागदावर मात्र एका शेतकऱ्याचं अनुकूलन झालेलं असतं.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली, त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ही आला. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं बिल गेलं याचा आनंदच आहे. पण उपशाला एवढी तरी वेसण होती, ती सुटली. आता कुणी किती उपसायचं हे फक्त बोअरची खोली ठरवणार, आणि खोली ठरवणार खिसा. भूजलाचा कायदा राज्यानं २००९ मध्ये केला, तो २०१४ मध्ये लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे. तुमच्या शिवारात मागच्या उन्हाळ्यात आलेल्या गाडीनं किती फुटांवर पाणी लावलं, ते तुम्हीच मनाशी आठवा.

म्हणून फड वाचवा म्हणतो. पण फडाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. फडातला न्याय होता तो जमीनधारकांपुरता. ज्याला जमीन नाही, त्याला पाणी नाही. पाटकरी आणि जागल्या हे गावातले गरीबच, त्यांना धान्य मिळायचं, पाण्यावर हक्क मिळायचा नाही. पंच कोण असायचे, कोणत्या घरांतले असायचे, हेही सांगायची गरज नाही. जुनं जसंच्या तसं परत आणा, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका.

ही उणीव भरून काढायचं काम महाराष्ट्रातच झालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही कुणाच्या अंगावर येतील असे आहेत: पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं, तिथेही भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्याचा हक्क धरला. फडाकडे बंधारा, पाट आणि शिस्त आहे. पाणी पंचायतीकडे माणशी वाट्याचा विचार आहे. दोन्ही एकत्र आणायला कुणाची आडकाठी आहे?

आडकाठी आहे, आणि ती मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. गावात हा विषय काढला की पहिला सवाल येतो: दादा, फड-बिड ठीक आहे, पण नदीला पाणी आहे कुठे? खरंच आहे. पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणं झाली आणि बंधाऱ्यांना मिळणारा नदीचा वाहता प्रवाह संपला. आता पाणी येतं ते आवर्तनानं, धरणातून सोडलं तर. सुटलं की वाटेतल्या काठावरच्या मोटारी सुरू होतात आणि खालच्या बंधाऱ्यापर्यंत ओलसर वाळू पोचते. पण याच धरणांमुळे एक गोष्ट सोपीही झाली आहे. पूर्वी नदी किती दिवस वाहील हा अंदाज असायचा. आता १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे हे मोजून सांगता येतं. हंगामाआधी किती फड भिजवायचे हे ठरवायला याहून पक्का आधार पूर्वजांना कधी मिळाला नव्हता.

दुसरी अडचण वाटण्यांची. महाराष्ट्रातली सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ वर आली. भावाभावांत वाटण्या होताना एकाला पाटावरचा तुकडा गेला, दुसऱ्याला पलीकडचा. आता एकच फड भिजवायचा ठरला तर ज्याची जमीन त्यात नाही त्याचं काय? त्यानं वर्षभर सुरतेला जायचं? श्रीलंकेत जुन्या तळ्यांच्या शेतीत यावर बेथ्मा नावाची रीत आहे. दुष्काळी हंगामात तळ्याजवळची भिजणारी जमीन त्या हंगामापुरती सगळ्या शेतकऱ्यांत वाटून कसायची, मालकी मूळ मालकाचीच. आपल्याकडे वाट्यानं जमीन कसायची चाल आहेच. फडाच्या पंचांनी ती दुष्काळी वर्षासाठी नियमात बसवली तर ज्याचा फड बंद आहे तोही उघड्या फडात चार वाफे कसू शकेल. भूमिहीन घरालाही त्यात जागा करता येईल. मालकाला भीती वाटेल ती कूळ लागण्याची. ती भीती खोटी नाही. म्हणूनच हे तोंडी न ठेवता ग्रामसभेच्या ठरावानं, एका हंगामाच्या मुदतीनं लिहून ठेवायला हवं, आणि महसूल खात्यानं त्याला मान्यता द्यायला हवी.

तिसरी अडचण पिकांची. कांदा, डाळिंब, अर्ली द्राक्ष यांच्या पाण्याच्या वेळा वेगवेगळ्या. एका फडात एक पीक हा नियम जसाच्या तसा चालणार नाही हे मला कबूल आहे. मग निदान पाण्याची गरज सारखी असलेली पिकं एका फडात आणा. बागायतदारांनी फळबागेचा फड वेगळा मागावा, आणि त्या फडाला मिळणाऱ्या बारमाही पाण्याच्या बदल्यात पाटाच्या डागडुजीचा मोठा भार उचलावा. शंभर एकरांत शंभर वेळापत्रकं मात्र कुठलाच पाट पेलणार नाही.

आता मागण्या, आणि त्या मागायच्या कुणाकडे तेही. कोणत्या धरणाचं आवर्तन कधी, किती, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथे कालव्याचे लाभधारक असतात, पिण्याच्या पाण्याचं आरक्षण असतं, पुढारी असतात. फडाच्या बंधाऱ्यांचा माणूस तिथे हवा आणि धरणाच्या पाण्यात फडांचा वाटा घनमीटरमध्ये लिहिलेला हवा. आवर्तन चालू असताना नदीकाठच्या मोटारींची वीज बंद ठेवायची, हा उपाय राज्यात ठिकठिकाणी वापरला जातो. तो इथेही वापरायला लावा. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना मोजून पाणी घेण्याचा आणि आपसांत वाटण्याचा अधिकार दिला आहे. एका बंधाऱ्याची एक संस्था या हिशेबानं फडांची नोंदणी मागा. कालव्याच्या सोयीसाठी फडाचे तुकडे करणारी नोंदणी स्वीकारू नका.

हे होत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला दिंडोरी तालुक्यात घेऊन जा. तिथल्या वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात पाणी शेपटापर्यंत पोचत नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या शेतकऱ्यांनी, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या साथीनं, पाणीवापर संस्था काढल्या. पुढे सगळ्या धरणाच्या पाण्याचा कारभार अशा संस्थांच्या हाती आला. सुरुवात केली ती पाटाच्या शेवटी असलेल्यांनी, ज्यांना काहीच मिळत नव्हतं त्यांनी. बागलाणपासून ओझर काही परदेशात नाही.

बंधाऱ्यांची दुरुस्ती आणि पाटांचा गाळ ही रोजगार हमीतून होण्यासारखी कामं आहेत. गावतळं आणि नालाबंडिंगच्या जोडीला ती आराखड्यात घालायला ग्रामसभेचा ठराव लागतो, बाकी काही नाही. पण दुरुस्ती म्हणजे सगळा पाट सिमेंटनं लिंपणं नव्हे. पाटाच्या कडेच्या विहिरी त्याच्या झिरप्यावर जगतात, हे ठेकेदाराला कळत नसलं तरी तुम्हाला कळतं. पाटकऱ्याला आता धान्यावर राबवता येणार नाही. त्याला महिन्याचा पगार द्या, तो पाणीपट्टीतून द्या, आणि ती जागा एखाद्या बाईनं मागितली तर हसू नका.

गाव सोडून सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्यांनाही एक विनंती. तुमचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे, जमीन दुसरा कसतो. फडाच्या संस्थेला, दुष्काळी वाटपाला संमती लागेल तेव्हा सही तुमचीच लागणार. फोनवर ‘बघू’ म्हणून ती अडवून ठेवू नका. आणि तुमच्यात जे स्थापत्य शिकलेत, त्यांनी पुढच्या सुट्टीत एक काम करावं: आपल्या गावच्या बंधाऱ्याची आणि पाटाची लेव्हल घ्यावी, कोणत्या फडात कुणाची किती जमीन आहे याचा नकाशा काढावा. कुणाचा वाटा किती याचं भांडण त्या नकाशावर होऊ द्या, भांडण झालं तरी चालेल.

रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो. त्याआधी बैठक बोलवा. चावडीवर, मंदिरात, शाळेच्या व्हरांड्यात, कुठेही, पण ज्या घरांना जमीन नाही त्यांना आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या बायकांनाही निरोप जाऊ द्या. धरणात किती पाणी आहे आणि त्यातलं तुमच्या बंधाऱ्याला किती येणार, हे शाखा अभियंत्याकडून लेखी घ्या. मग यंदा किती फड भिजवायचे, ज्याचा फड बंद राहील त्याला उघड्या फडात काय द्यायचं आणि पाटकरी कोण, हे त्याच बैठकीत ठरवून सगळ्यांच्या सह्या घ्या.